आधी इंग्लिश की आधी ओळखी?

"ताई, आधी इंग्लिश नीट येऊ दे, मग पडेन बाहेर." इथे कॅनडात, मिसिसागात नवीन आलेल्या आपल्या बायकांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय ना! म्हणून एक केस सांगते, तिला विचारूनच लिहितेय आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात.

सांगलीकडची, मराठी मिडियममधून बी.कॉम. येऊन आठ महिने झालेले, बँक, डॉक्टर, पोराची शाळा सगळं नवराच बोलायचा. लिफ्टमध्ये कोणी आलं की ही मोबाईल कानाला लावायची, फोन नसतानाही, का तर समोरचा हाऊ आर यू म्हणेल. आणि घरात मात्र रोज दोन तास अ‍ॅपवर इंग्लिश! शब्द भरपूर होते हो तिच्याकडे, बोलायला माणूस नव्हतं.

मी म्हटलं व्याकरण राहू दे, या आठवड्यात फक्त लायब्ररीचं कार्ड काढायचं, फुकट असतं, आणि नवऱ्याने बाहेर थांबायचं. तिने वाण्याच्या बिलामागे देवनागरीत वाक्य लिहून नेलं, "आय वुड लाईक अ लायब्ररी कार्ड, प्लीज". काउंटरवरच्या बाईंनी पत्त्याचा पुरावा मागितला, हिला फक्त अ‍ॅड्रेस एवढंच कळलं, तिने घडाघडा पूर्ण पत्ता म्हणून दाखवला. मग त्या बाईंनी एक बिल हातात धरून दाखवलं, हिची ट्यूब पेटली, पर्समध्ये बँकेचं पत्र होतंच. मला सांगताना रडली, मला वाटलं अपमान वाटला असेल, तर म्हणे नाही ताई, त्या थांबल्या माझ्यासाठी, घाई नाही केली.

तिथेच तिला कॉन्व्हर्सेशन सर्कलचं, म्हणजे इंग्लिश बोलायचा सराव करणाऱ्या गटाचं कळलं. नंतर लिंक (LINC) नावाच्या इंग्लिशच्या क्लासला नाव घातलं. हे नवीन आलेल्यांसाठीचे सरकारी क्लास, १९९२ पासून चालू आहेत, फी नाही, आधी लेव्हल टेस्ट होते, बऱ्याच सेंटरवर लहान मुलांना सांभाळायची सोय पण असते. पीआर (कायम राहायची परवानगी) असेल तर मिळतो, वर्क परमिटवाल्यांना नाही, आणि सिटिझन झालात की हा क्लास बंद, त्यामुळे "बघू पुढे" करत वर्षं घालवू नका प्लीज. जवळचं सेंटर माहीत नसेल तर २११ या माहिती देणाऱ्या नंबरला फोन करा, ते सांगतात.

नवऱ्यांना एक कळकळीने सांगते, बायको अडखळली की लगेच तिचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, प्रेमानेच करता, पण तिची बोलायची संधी जाते त्यात.

क्लासमध्ये तिच्या शेजारी सिरियाची एक बाई बसायची, दोघींचं इंग्लिश सारखंच तुटकं, त्यामुळे लाजायचं कारणच नाही, बसस्टॉपपर्यंत बरोबर जायला लागल्या. मागच्या मंगळवारी तिचा मेसेज आला, ताई आपली भेटायची वेळ बदलता येईल का, त्या सिरियाच्या मैत्रिणीने जेवायला बोलावलंय, आणि सोबत शंकरपाळी नेऊ की पुरणपोळी?