‘ई अँटिजेन निगेटिव्ह’ या तीन शब्दांवर विसंबू नका

हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजारातून भाऊ बरा झाला; आपल्याला मात्र ऑस्ट्रेलिया अँटिजेन (या विषाणूची लागण दाखवणारी तपासणी) पॉझिटिव्ह, ई अँटिजेन (विषाणूची वाढ सुचवणारे त्याचे प्रथिन) निगेटिव्ह, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) नॉर्मल आणि ‘काळजीचे कारण नाही’ असे सांगून आपली बोळवण झाली, हे आपण लिहिलेले वाचले आणि माझी जुनी फाईल आठवली. माझ्या रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’भोवती निळ्या शाईने गोल काढून ‘विषाणू झोपलाय, वर्षाने या’ असे सांगण्यात आले होते. त्या दवाखान्याचे नाव इथे घेत नाही. वर्षाने मी गेलो नाही, ही चूक माझी. पण एचबीव्ही डीएनए, म्हणजे रक्तात हा विषाणू किती आहे हे मोजणाऱ्या तपासणीचा उल्लेखही कोणी केला नव्हता. चार वर्षांनी एसजीपीटी दीडशेच्या पुढे गेला, तेव्हा डीएनए लाखांत निघाला आणि फायब्रोस्कॅनवर यकृताचा कडकपणा दिसला.

ई अँटिजेन निगेटिव्ह असूनही असे होण्याचे कारण विषाणूच्या जनुकांत असू शकते. त्यातील 1896व्या जागी ‘जी’ या जनुकीय अक्षराऐवजी ‘ए’ आला, की ई अँटिजेन तयार होणे थांबते, विषाणूची वाढ मात्र चालूच राहते. भारतात बऱ्याच प्रमाणात आढळणाऱ्या, विषाणूच्या डी जनुकप्रकारात (उपप्रकारात) हा बदल सहज टिकतो, ए प्रकारात तो क्वचितच दिसतो. अशा रुग्णांत एसजीपीटी वर-खाली होत राहतो, म्हणून एका नॉर्मल आकड्याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही.

‘भाऊ बरा झाला, मग मीच का?’ या आपल्या प्रश्नाबद्दल: सर्वांत जड बाजू लागण झाली त्या वयाची असते. जन्माच्या वेळी लागण झालेल्या सुमारे 90 टक्के बाळांत आजार कायमचा राहतो, प्रौढांत 5 टक्क्यांहूनही कमी जणांत. त्याखेरीज माणसाच्या रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए-डीपी जनुकांतील फरकांचा आजार चिवट होण्याशी संबंध असल्याचे जपानी संशोधकांनी 2009 मध्ये दाखवले. तरीही ही समूहाची गणिते आहेत. त्यांवरून एकट्या माणसाचे भाकीत होत नाही, त्यामुळे स्वतःची एचएलए तपासणी करण्यात पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. विषाणूचा जनुकप्रकारही मुख्यतः इंटरफेरॉन या इंजेक्शनच्या उपचाराचा विचार असेल तरच उपयोगी. इंटरफेरॉनला ए प्रकार डीपेक्षा बरा प्रतिसाद देतो.

मी डॉक्टर नाही, औषधाचा निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावा. मात्र डीएनए तपासणी आपण होऊन मागा, ती दर वेळी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करा, आणि आई व इतर भावंडांचीही तपासणी राहिली असेल तर याच आठवड्यात करून घ्या. टेनोफोविर हे विषाणूरोधक औषध सुरू झाल्यास बरे वाटते म्हणून परस्पर बंद करू नका. माझ्या ओळखीतल्या एकाने ते केले आणि कावीळ होऊन तो थेट अतिदक्षता विभागात पोहोचला.