वाचक विचारतात : लॅबमध्ये पेशी वाढवून नवीन केस येतात का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझा मुलगा २६ वर्षांचा आहे, पुढचे केस भराभर गेलेत आणि आम्ही लग्नाचं बघतोय पण तो फोटो काढून द्यायलासुद्धा तयार नाही. एका क्लिनिकमध्ये सांगितलं की कानामागची थोडी स्किन घेऊन त्यातल्या स्टेम सेल (म्हणजे नव्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी) लॅबमध्ये वाढवायच्या आणि डोक्यात इंजेक्शनने सोडायच्या, नवीन केस शंभर टक्के येतात. दीड लाख सांगितलेत. एफडी मोडू का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, एफडी मोडू नका, हे आधी सांगतो.

कल्पना खोटी नाहीये. केसाच्या मुळाशी डर्मल पॅपिला नावाचा पेशींचा बारीक पुंजका असतो, तोच वरच्या कातडीला केस बनवायचा इशारा देतो. इंग्लंडच्या डरहॅम युनिव्हर्सिटीतले कॉलिन जहोडा यांनी स्वतःच्या डोक्यातल्या केसांच्या मुळाजवळचं टिश्यू बायकोच्या हातावर लावलं (त्यासुद्धा संशोधकच), आणि तिथे खरंच केस उगवले, हे १९९९ साली छापून आलंय. पण ते टिश्यू थेट लावलेलं होतं, लॅबमध्ये वाढवलेलं नव्हतं आणि सगळं घोडं तिथेच अडतं. एका केसातून पेशी मिळतात अगदी थोड्या, म्हणून वाढवाव्याच लागतात, आणि डिशमध्ये सपाट पसरून वाढवल्या की त्या संख्येने भरपूर होतात पण केस उगवायची ताकद घालवून बसतात. २०१३ मध्ये जहोडा आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या अँजेला ख्रिस्तियानो यांच्या टीमने या पेशी उलट्या लटकवलेल्या थेंबात वाढवल्या, तिथे एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा होतो, आणि ती ताकद थोडी परत आली. सात जणांच्या पेशी घेतल्या होत्या, पाच जणांच्या पेशींनी नवे केस दिले, पण तेही उंदरावर लावलेल्या माणसाच्या कातडीत, कुणाच्या डोक्यावर नाही.

तुमच्या क्लिनिकने सांगितलं त्याच्या सगळ्यात जवळचा प्रयोग जपानमध्ये शिसेडो या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीसोबत झाला, २०२० मध्ये निकाल आले. सहा आणि नऊ महिन्यांनी केस जरा दाट दिसले, पण फरक थोडा होता आणि टिकला नाही. इतक्या काळजीने केलेल्या ट्रायलमध्ये एवढंच मिळालं तर शंभर टक्के गॅरंटी कोण कशाच्या जोरावर देतं, मला खरंच राग येतो, कारण आईबापांची काळजी बघूनच हे आकडे सांगितले जातात.

आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या नियमांप्रमाणे केसांसाठी स्टेम सेल ही उपचार म्हणून विकताच येत नाही, फक्त मंजूर ट्रायलमध्ये चालते. त्यामुळे क्लिनिकला सीटीआरआयचा (देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी नंबर मागा. ट्रायल खरी असेल तर प्रयोगाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत.

मुलाला स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. या वयात बरीचशी मुळं मेलेली नसतात, बारीक झालेली असतात, आणि मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड या औषधांनी बऱ्याच जणांची गळती थांबते. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, साइड इफेक्ट समजून घेऊन.

प्रश्न : मग हेअर ट्रान्सप्लांट म्हणजे वेगळं काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : त्यात मागची मुळं काढून पुढे लावतात, एकूण मुळं वाढत नाहीत. मागचा साठा संपला की संपला. म्हणून पंचविशीत घाई करू नका, आधी औषधाने गळती थांबू द्या.