पैसे कोण देणार आणि ॲप कोण उघडणार?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. निद्रानाशाचं ॲप बनवणाऱ्या कंपनीत तू नोकरीची मुलाखत देणार आहेस, म्हणून हे पत्र. डिजिटल थेरप्युटिक्सच्या, म्हणजे ॲपमधून दिल्या जाणाऱ्या उपचारांच्या, बाजाराचा तू पाठवलेला अहवाल वाचला. त्यातला तो चढता आलेख जरा बाजूला ठेव. आरोग्य विम्याचे क्लेम तपासण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, त्यामुळे माझ्या मनात आधी हेच येतं की बिल कोण भरणार?

अमेरिकेतल्या पेअर थेरप्युटिक्सचं काय झालं ते मुळापासून वाच. व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी केलेल्या त्यांच्या 'रीसेट' ॲपला २०१७ साली एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेची, परवानगी मिळाली. डॉक्टर गोळीसारखं ॲप लिहून देऊ लागले. २०२१च्या अखेरीस कंपनी शेअर बाजारात आली, तेव्हा तिचं मूल्य सुमारे १६० कोटी डॉलर धरलं होतं. एप्रिल २०२३मध्ये दिवाळखोरी, आणि लिलावात सगळं मिळून जेमतेम ६० लाख डॉलर. चाचण्या झाल्या होत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्याही येत होत्या, पण पुरेशा विमा कंपन्या पैसे द्यायला तयार नव्हत्या. मला याचं फार वाईट वाटलं.

जर्मनीने आधी पैशांची सोय केली. २०१९च्या कायद्यानुसार सरकारी यादीतल्या ॲपचा खर्च सार्वजनिक आरोग्य विमा देतो. पुरावा अपुरा असेल तर तात्पुरती जागा मिळते, मुदतीत फायदा सिद्ध झाला नाही तर नाव कटतं. आपल्याकडे बहुतेक पॉलिसी रुग्ण दाखल झाला तरच पैसे देतात. म्हणजे तुमच्या ॲपचे पैसे रुग्णाच्याच खिशातून जाणार.

आता तुझ्या त्या निद्रानाशाच्या ॲपविषयी. यातला उपचार कडक असतो. माणूस आठ तास अंथरुणात पडतो आणि साडेपाच तासच झोपतो, तर ॲप त्याला सांगतं की साडेबाराच्या आत पाठ टेकायची नाही आणि सहाला उठायचंच. सुरुवातीचे दिवस उलट जास्त थकवा येतो. माझ्या ताईने हे करून पाहिलं. रात्री अकराला ती उभ्यानेच कपड्यांच्या घड्या घालायची, कारण बसलं की डोळा लागायचा. रोज सकाळी झोपेची नोंद भरायची. नवव्या दिवशी तिने ॲप काढून टाकलं. "हे दिवस असेच जातात, अजून आठवडाभर धरून ठेवा," एवढं सांगणारा एक फोन आला असता तर ती टिकली असती, असं मला आजही वाटतं.

म्हणून मुलाखतीत त्यांना विचार, पंधरा दिवसांनंतर नोंद भरणारे किती उरतात? जे थांबतात त्यांना फोन कोण करतं? आकडा वाईट असला तरी त्यांनी सरळ सांगितला, तर बिनधास्त रुजू हो. आलेखच पुन्हा दाखवू लागले, तर होकार देण्याआधी मला फोन कर.

तुझा,
काका