नेरूळच्या तळमजल्यावर लाकडी फळ्या: आधी काँक्रीटचा ओलावा मोजून घ्या

नेरूळमधील जुन्या इमारतीत तळमजल्यावरच्या सदनिकेतील मोझॅकच्या लाद्या काढून आपण ५० मिलिमीटर जाडीचा आयपीएस, म्हणजे सिमेंट-काँक्रीटचा घोटलेला थर, करून घेतला आहे, त्याला तीन आठवडे झाले आहेत आणि तो कोरडा दिसतो म्हणून कंत्राटदार दसऱ्याआधी इंजिनिअर्ड लाकडाच्या (पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेल्या) फळ्या त्यावर चिकटवून द्यायला तयार आहे, असे आपण लिहिले आहे. आतला ओलावा मोजल्याशिवाय त्याला होकार देऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन.

काँक्रीटचा वरचा थर आधी सुकतो आणि पोटातले पाणी मागे राहते. वर फळ्या बसल्या की बाष्प बाहेर पडायची वाट बंद होते, ओलावा संपूर्ण जाडीत सारखा पसरतो आणि फळीची खालची बाजू फुगवतो. वरची बाजू एसीच्या हवेत आक्रसलेली असल्यामुळे कडा उचलल्या जातात. एका बाजूने सुकणाऱ्या काँक्रीटला साधारणपणे दर २५ मिलिमीटर जाडीमागे एक महिना लागतो, आणि तोही क्युरिंगचे पाणी मारणे थांबल्यापासून, चांगल्या कोरड्या हवेत. पावसाळ्यात नवी मुंबईची हवाच अनेकदा ८० टक्क्यांहून अधिक दमट असते. अशा वेळी खिडक्या उघड्या ठेवून काही साधत नाही, उलट त्या बंद करून एसी किंवा हवेतला ओलावा शोषणारा डीह्युमिडिफायर चालवावा लागतो.

तळमजल्याचा प्रश्न याहून वेगळा आहे. जुन्या बांधकामात जमिनीखाली प्लास्टिकचा थर घातलेला असेल यावर विसंबता येत नाही, आणि तो नसेल तर मातीतला ओलावा वर येतच राहतो. म्हणजे नुसते थांबून भागणार नाही.

मोजणीसाठी ४५ सेंटिमीटर चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून किमान १६ तास ठेवण्याची पद्धत सर्वांना माहीत आहे. त्याखाली पाणी दिसले तर जमीन ओली आहे हे नक्की. मात्र दिसले नाही, तर ती कोरडी आहे असे सिद्ध होत नाही. खात्रीसाठी काँक्रीटच्या जाडीच्या ४० टक्के खोलीपर्यंत छिद्र पाडून त्यात सेन्सर बसवावा आणि २४ तासांनी सापेक्ष आर्द्रता पाहावी. किमान तीन जागी मोजा, त्यांतली एक न्हाणीघराच्या भिंतीलगत असू द्या, कारण तिथली गळती अनेकदा फ्लोअरिंग खराब झाल्यावरच उघडकीस येते. आपल्याकडे विजेचे पाइप जमिनीतून गेलेले असतात, तेव्हा छिद्र पाडण्याआधी त्यांचा मार्ग पाहून घ्या. बऱ्याच फळ्यांसाठी ७५ ते ८० टक्क्यांच्या आसपासची मर्यादा असते, तरी आपल्या फळ्यांच्या आणि गोंदाच्या माहितीपत्रकातील आकडाच प्रमाण माना.

सपाटीसाठी तीन मीटर लांबीची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी सर्व दिशांनी फिरवून पाहा. तिच्याखाली ५ मिलिमीटरहून जास्त फट नको. जमिनीला किंचित उतार असला तरी चालतो, खड्डे आणि उंचवटे चालत नाहीत. उंचवटे ग्राइंडरने घासावेत आणि खोलगट जागा प्रायमर लावून सेल्फ-लेव्हलिंग कंपाउंडने (आपोआप समपातळीत पसरणाऱ्या मिश्रणाने) भराव्यात. नुसत्या सिमेंटच्या पातळ स्लरीने भरलेली जागा तडकते आणि पापुद्र्यासारखी सुटते, म्हणून मिस्त्रीने कितीही सांगितले तरी ते मान्य करू नये. ठोकून पाहिल्यावर जिथे पोकळ आवाज येतो तो भाग काढून पुन्हा करावा. पीओपी आणि पुट्टीचे थेंब खरवडून काढा, पण त्यासाठी ॲसिड वापरू नका. धुण्याचे पाणी आणि मागे राहणारे क्षार दोन्ही नुकसान करतात.

आपल्या जागेसाठी मी फळ्या चिकटवण्याऐवजी, त्यांचा उत्पादक परवानगी देत असेल तर, २०० मायक्रॉनच्या प्लास्टिकवर फोम अंथरून त्या एकमेकींत अडकवून बसवणे पसंत करेन. प्लास्टिकचे जोड २० सेंटिमीटर एकमेकांवर घेऊन टेपने बंद करावेत आणि कडा भिंतीवर थोड्या चढवाव्यात. चिकटवायच्याच असतील तर आधी ओलावा रोखणाऱ्या इपॉक्सीचे थर द्यावे लागतील, आणि त्याचा खर्च कंत्राटदाराकडून आत्ताच लेखी मागून घ्या. रंगकाम आणि पीओपी पूर्ण झाल्याशिवाय फळ्यांचे खोके घरात आणू देऊ नका.