पॉवर बीआयचा रिपोर्ट पीडीएफमध्ये अर्धवट का येतो?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचा डिस्पॅच रिपोर्ट (पाठवलेल्या मालाचा हिशोब) पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो लॅपटॉपवर बारीक दिसतो आणि पीडीएफमध्ये खालच्या पार्ट्या (माल घेणारी गिऱ्हाइकं) गायब होतात, असा प्रश्न आहे. ही दुखणी दोन वेगळी आहेत.

पानाचा मूळ आकार १६:९, म्हणजे १२८० × ७२० पिक्सेल. आधी पानाच्या रिकाम्या जागेवर क्लिक करा (एखादा चार्ट निवडलेला असेल तर पानाचा पर्याय दिसतच नाही), मग फॉरमॅट, कॅनव्हास सेटिंग्ज, कस्टम. आडव्या ए-फोरसाठी रुंदी १२८०, उंची ९०५ ठेवा. हे चार्ट मांडण्याआधीच करा. नंतर पान लहान केलं तर चार्ट आपोआप सरकत नाहीत, बाहेर लटकतात.

स्क्रीनवर बारीक दिसत असेल तर व्ह्यूमधून 'फिट टू विड्थ' निवडा.

गायब पार्ट्यांचं कारण टेबलाचा स्क्रोलबार. पीडीएफमध्ये टेबलात स्क्रीनवर दिसतात तेवढ्याच ओळी उतरतात, नुसतं पान उंच करून उपयोग नाही. दीडशे पार्ट्यांची यादी छापायची तर पेजिनेटेड रिपोर्ट (छपाईसाठीचा वेगळा प्रकार) हवा. तो ओळी पुढच्या पानावर नेतो. डॅशबोर्डवर वरच्या दहा पार्ट्या पुरतात. मालक तेवढ्याच बघतात.