मिश्री सोडली आणि वजन वाढलं

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ३६. मिश्री लावायची सवय माहेरची, आधी नुसती दात घासायला, मग दिवसातून चार-पाच वेळा. चार महिन्यांपूर्वी सोडली तर पाच किलो वजन वाढलं, सकाळी पोट साफ होत नाही, चिडचिड होते. मिस्टरांनी पण माझ्याबरोबरच तंबाखू सोडली, त्यांचंही वजन वाढलंय पण त्यांना सगळे म्हणतात तब्येत सुधारली, आणि मला म्हणतात केवढी जाड झालीस. परत थोडी लावली तर वजन उतरेल का?

उत्तर: ताई, नका लावू. वजन थोडंफार उतरेलही, खोटं कशाला सांगू, मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच, त्यातलं निकोटिन भूक मारतं आणि आतडी हलवतं, म्हणून तर सकाळी मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही असं इतक्या बायका सांगतात. सिगारेट सोडणाऱ्यांचंही पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतं, बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत, मग वेग मंदावतो. पण तीच मिश्री तोंडाचा कॅन्सर देते, आणि मुंबईतल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ मध्ये छापून आला, त्यात मिश्री किंवा तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली.

आणि ते जाड म्हणणारे, त्यांचा मला खरंच राग येतो. वजनाच्या भीतीने व्यसन सोडायला कचरणाऱ्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त असतात, ती भीती अशा बोलण्यानेच वाढते. मिस्टरांना सांगा की कुणी बोललं तर तिथल्या तिथे माझी बाजू घ्या, ते स्वतः यातून गेलेत.

आत्ता कडक डाएट करू नका, उपाशी पोटी तल्लफ जास्त छळते. भाकरी, पालेभाजी, ताक पोटभर घ्या, बिस्किटं नि चहातली साखर कमी करा, सकाळी कोमट पाणी आणि अर्धा तास चालणं. तल्लफ आली की बडीशेप किंवा लवंग चघळा, फारच झालं तर डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंगम, त्याने वजन वाढणंही थोडं पुढे ढकललं जातं. एक मात्र नक्की करा, थायरॉईडची रक्ततपासणी. वजन वाढणं, बद्धकोष्ठ, चिडचिड हे तिन्ही त्यातही होतं आणि सगळं मिश्रीच्या नावावर खपून जातं. मधेच मन डळमळलं तर तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट लागतो.