फुटबॉलमध्ये व्हीएआर (व्हिडिओ पाहून रेफरीचे निर्णय तपासणारी यंत्रणा) असूनही सारख्याच धक्क्याला एकदा पेनल्टी मिळते आणि एकदा नाही, असं का?

कारण ‘योग्य निर्णय कोणता’ हे व्हीएआर ठरवत नाही, रेफरीची चूक ढळढळीत आहे का एवढंच तपासतं. बचावपटूचा पाय नडगीला जेमतेम लागला आणि फॉरवर्ड आडवा झाला, तर पेनल्टी दिली तरी टिकते, नाही दिली तरी तेच टिकतं. मूळ घोळ फुटबॉलच्या बाराव्या, म्हणजे फाउलबद्दलच्या नियमात आहे. नुसता स्पर्श म्हणजे फाउल नव्हे, तो निष्काळजीपणे झाला का हे रेफरीने पाहायचं. आता निष्काळजीपणा मोजायची पट्टी कुठून आणणार? त्यामुळे दोन रेफरी दोन निर्णय देणार, आपण टीव्हीसमोर कितीही ओरडलो तरी.

स्पर्श अगदीच नगण्य असेल तर मात्र निर्णय फिरतो. २०१८ च्या विश्वचषकात कोस्टा रिकाविरुद्ध ब्राझीलचा नेमार दोन्ही हात पसरून मागे कोसळला. रेफरीने आधी पेनल्टी दिली, मग स्क्रीन पाहून रद्द केली. नियमाने सोंगाला पिवळं कार्ड आहे, पण त्या पडण्याबद्दल त्याला कार्ड दाखवलं गेलं नाही. थोड्या वेळाने मिळालं, ते चेंडू आपटल्याबद्दल!